पंचावन्नचं धनुष्य, सव्वीसची ओढ

हे प्रकरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे पुढचं सगळं तिथल्या परवान्याच्या आणि तिथल्या हंगामाच्या चौकटीत वाचावं. विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याने हरीण मारण्याचा पहिला कायदेशीर हंगाम १९३४ साली झाला. आता तो सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. शिकार व्हाइटटेल हरणाची, आणि बहुतेक जण ती झाडावर पंधरा-वीस फूट उंचीवर बांधलेल्या मचाणावरून करतात.

ज्याचं हे प्रकरण, तो मूळचा सांगलीकडचा. चाळिशी ओलांडलेला, मॅडिसनच्या आसपास राहणारा, दिवसभर संगणकासमोर बसणारा. कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या आधुनिक धनुष्यावर त्याचे काही हंगाम झाले होते. आता त्याला चाकं नसलेलं, साइट (नेम धरायचं साधन) नसलेलं, टोकं पुढे वळलेलं साधं रिकर्व्ह हवं होतं. एप्रिलमध्ये त्याने ते घेतलं आणि मे महिन्यात क्लबच्या मैदानावर माझ्याकडे आला. तिथे नव्या लोकांना थोडंफार शिकवायचं काम माझ्याकडे असतं.

"दादा, कंपाऊंड साठला लावलेलं होतं माझं. हे पंचावन्नचंच घेतलंय, जरा कमीच."

हे आकडे पौंडांचे, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या बळाचे; यालाच धनुष्याचं वजन म्हणतात. या बोलण्यातच सगळी गोची होती.

साठ आणि पंचावन्न यांतला फरक

आपल्याकडे धनुर्विद्येची अलीकडची मोठी बातमी म्हणजे २०२३ची बर्लिनची जागतिक स्पर्धा. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघांनीही वैयक्तिक सुवर्ण जिंकलं ते कंपाऊंडवर. कंपाऊंडच्या टोकांना असलेल्या चाकांमुळे, म्हणजे कॅममुळे, ओढीच्या मध्यावर पूर्ण वजन येतं आणि शेवटी ते एकदम उतरतं. शिकारीच्या कंपाऊंडमध्ये ही उतरण ऐंशी टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे साठ पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढून धरल्यावर बोटांवर (खरं तर दोरी धरायच्या रिलीज नावाच्या उपकरणाच्या हुकवर) राहतात फक्त बारा पौंड. माणूस निवांत नेम धरतो.

रिकर्व्ह किंवा लाँगबोचं (उंच, सरळ धनुष्याचं) उलटं आहे. जितकं ओढाल तितकं वजन वाढत जातं आणि सगळ्यात जास्त वजन नेमकं नेम धरायच्या क्षणी असतं. त्यामुळे कंपाऊंडवरच्या साठाला पंचावन्नचं रिकर्व्ह हा 'थोडा कमी' पर्याय ठरत नाही. धरून ठेवायच्या वजनाकडे पाहिलं तर हा गडी बारावरून थेट पन्नासच्या घरात गेला होता. पन्नास पौंड म्हणजे विमानात चेक-इन करायची २३ किलोची बॅग. ती तीन बोटांच्या पेरांवर पेलायची, आणि तेही हात न थरथरता.

दुकानदाराला मी दोष देत नाही. गिऱ्हाइकानेच साठचा आकडा सांगितला, समोरच्याने पंचावन्न काढून दिलं.

मैदानावर काय दिसलं

त्याला मी काहीच सांगितलं नाही. "पंधरा यार्डांवर उभा राहा आणि नेहमीसारखे बाण सोड" एवढंच म्हटलं.

पहिली गोष्ट, धनुष्य ओढताना तो ते आधी आकाशाकडे न्यायचा आणि ओढत ओढत खाली आणायचा. पाठीचं बळ कमी पडलं की खांदे वजनाचा वापर करायला बघतात, त्याची ही खूण. मैदानावर ते खपून जातं. मचाणावर हातभर अंतरावर फांद्या असतात आणि खाली वीस पावलांवर हरीण वर बघत असतं, तिथे हे चालत नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोलकी होती. त्याच्या एका बाणाच्या दांडीवर मी २६, २७ आणि २८ इंचांवर पांढऱ्या टेपच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या आणि फोनवर बाजूने संथ गतीचा व्हिडिओ घेतला. दोरी गालापर्यंत येते तोवर बाण मागे सरकत त्यावरची २६ची पट्टी धनुष्यापाशी येते, क्षणभर तिथे थबकते आणि बोटं सुटायच्या आधी परत अर्धा इंच पुढे सरकते. दोरी ओठाच्या कोपऱ्याला टेकतच नव्हती. त्याऐवजी मानच पुढे येऊन दोरीला भेटत होती. बाण सुटला की दोरीचा हात मागे मानेकडे न जाता बाहेर उडत होता, आणि बाण डावीकडे. डझनभर बाणांनंतर डावा खांदा कानाला लागला. नेम असा धरलाच जात नव्हता. दोरी जागेच्या जवळपास आली की बोटं आपोआप सुटत होती.

मग मी त्याला सगळ्यात साधी वाटणारी गोष्ट करायला सांगितली: ओढ, थांब, आणि बाण न सोडता हळूच दोरी परत ने. त्याला ते जमेना. दोरी हिसका देऊन पुढे गेली आणि बाण तो टेकवायच्या रेस्टवरून खाली पडला. शिकारीत हे रोज लागतं. हरीण दोन पावलं चालतं आणि नेमकं झाडाच्या बुंध्याआड थांबतं. तेव्हा एकतर धरून ठेवायचं किंवा आवाज न करता परत यायचं. ज्याला परत येता येत नाही, तो नको तो बाण सोडतो. हरीण जखमी होऊन पळतं ते बऱ्याचदा अशा बाणाने.

उजवा खांदा रात्री त्या कुशीवर झोपलं की ठणकतो, हे त्याने निघताना सांगितलं. फिजिओथेरपिस्टकडे जा आणि तोवर धनुष्याला हात लावू नकोस, एवढं सांगून मी तो विषय थांबवला. खांद्याच्या दुखण्यात क्लबातल्या माणसाने शहाणपणा करू नये.

वजनकाटा

लिंबवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूवर, छापलेला आकडा हा २८ इंच ओढीचा असतो, आणि हे २८ इंच ठरावीक पद्धतीने मोजतात: दोरीतल्या खाचेपासून मुठीच्या सर्वांत खोल जागेपर्यंतचं अंतर, अधिक पावणेदोन इंच. तुमची ओढ २८ नसेल तर छापलेला आकडा तुमचा नाही. या जातीच्या धनुष्यात एका इंचाला साधारण दोन ते तीन पौंडांचा फरक पडतो. लांब हातांच्या माणसाला ३० इंचांवर पंचेचाळीसचं धनुष्य पन्नाससारखं लागतं, आणि आखूड ओढीच्या माणसाला तेच चाळीसच्या जवळ.

मोजायला फार काही लागत नाही. परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात बॅगा तोलायचा हातातला डिजिटल काटा असतोच. काट्याचा हुक दोरीला लावायचा, बाणावरच्या पट्टीकडे बघत ओढायचं आणि तिथला आकडा वाचायचा. एकाने ओढायचं, दुसऱ्याने वाचायचं. त्याच्या धनुष्याने २६ इंचांवर बरोबर पन्नास दाखवले.

म्हणजे पंचावन्नचे पैसे मोजून तो पन्नास ओढत होता, आणि त्यासाठी ओढीची लांबी, मान, खांदा आणि नेम एवढं सगळं गहाण टाकत होता.

त्याची खरी ओढ किती, हे त्या धनुष्यावर कळणारच नव्हतं. क्लबातलं तीस पौंडांचं, शिकवणीचं धनुष्य त्याच्या हातात दिलं. दोरी ओठाच्या कोपऱ्याला टेकली, कोपर बाणाच्या रेषेत मागे गेलं, छाती उघडली आणि बाण साडेसत्तावीसवर स्थिर झाला. माणूस तोच, मैदान तेच, आणि ओढ दीड इंचाने लांब.

जहाजावरची धनुष्यं

अर्थात तो सहजासहजी ऐकणार नव्हता. त्याने इंग्लंडच्या लाँगबोचा दाखला काढला. शंभर-दीडशे पौंड ओढायचे लोक, आणि आपण चाळीसवर रडायचं?

दाखला खरा आहे. आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' हे युद्धनौकेचं तारू १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली वर काढलं. त्यात यू नावाच्या झाडाच्या लाकडाची शंभराहून जास्त लाँगबो मिळाली आणि त्यांची ताकद अभ्यासकांनी साधारण शंभर ते एकशेपंच्याऐंशी पौंडांच्या दरम्यान धरली. पण त्याच जहाजावरच्या सांगाड्यांच्या खांद्यांत एक वेगळेपणाही सापडला: खांद्याच्या पात्याचं टोकाचं हाड उरलेल्या पात्याशी जुळून आलेलंच नव्हतं, आणि हे प्रमाण नेहमीपेक्षा बरंच जास्त होतं. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा असं मानलं जातं. त्याच काळातले धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर यांनी १५४९ साली राजासमोरच्या प्रवचनात आपल्या लहानपणाबद्दल सांगितलं की वय आणि ताकद बघून मला धनुष्य आणून देत, आणि मी वाढलो तसं धनुष्यही वाढत गेलं. म्हणजे तिथेसुद्धा कोणी पोराच्या हातात एकदम दीडशे पौंड देत नव्हतं. शिवाय ती धनुष्यं चिलखतासाठी, लांब पल्ल्यासाठी होती. पंधरा यार्डांवरच्या हरणाला चिलखत नसतं.

हा वाद एका बैठकीत मिटला नाही. तो मिटला ते पुढच्या हिशोबाने.

चाळीसवर येणं

त्याचं धनुष्य टेकडाउन होतं, म्हणजे मधला मुठीचा भाग (रायझर) तोच ठेवून लिंब बदलता येतात. खरेदीतला एवढा भाग मात्र त्याला उपयोगी पडला. खांद्याला विश्रांती देऊन झाल्यावर त्याने उन्हाळ्याचा पहिला भाग क्लबच्या तीस पौंडांच्या धनुष्यावर काढला. बाण कमी, धरून ठेवणं जास्त. जुलैत चाळीस पौंडांचे लिंब आले. काट्यावर, त्याच्या साडेसत्तावीसवर, एकोणचाळीस.

इथे तो खट्टू झाला. पंचावन्न म्हणून विकत घेतलं आणि एकोणचाळीसवर आलो, हरीण पडणार कसं?

कागदावर हिशोब मांडला. छापील वजन पंचावन्नवरून चाळीसवर आलं, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त घट. पण तो पंचावन्न कधी ओढतच नव्हता. प्रत्यक्षात पन्नास होते, त्याचे एकोणचाळीस झाले. आणि धनुष्यात साठणारी ऊर्जा नुसत्या वजनावर अवलंबून नसते. दोरी बाणाला किती अंतर ढकलते, हेही त्यात धरावं लागतं. २६ इंचांच्या ओढीत, दोरी आणि मूठ यांच्यातलं सुरुवातीचं अंतर वजा जाता, हा ढकलण्याचा टप्पा सव्वासोळा इंचांच्या आसपास होता. साडेसत्तावीसला तो पावणेअठरा झाला. दोन्हींचा गुणाकार केला की ऊर्जेतली घट साधारण सातव्या हिश्श्याएवढी उरते. त्या बदल्यात बाण रोज एकाच लांबीवरून सुटतो, आणि जुन्या ओढीत तर प्रत्येक बाणागणिक वजनच बदलत होतं.

वेगाचंही तसंच. चाळीसच्या घरातलं रिकर्व्ह साडेचारशे ग्रेनचा, म्हणजे २९ ग्रॅमचा बाण सेकंदाला १६० फुटांच्या आसपास फेकतं. जड धनुष्यावर तो १७५ झाला असं धरा. पंधरा यार्डांवर दोन्हींत फरक पडतो सेकंदाच्या शंभराव्या भागात, दोन-अडीच भागांचा. दोरीचा आवाज या दोन्ही बाणांच्या कितीतरी आधी हरणाच्या कानावर गेलेला असतो. दचकणारं हरीण १७५लाही दचकतंच. त्यावर इलाज म्हणजे अंतर कमी ठेवणं आणि दोरीवर लोकरीचे सायलेन्सर लावणं.

हरीण पडतं ते बाणाच्या धक्क्याने नाही. धारदार पात्याने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या कापल्या जातात, म्हणून. यामुळे पाउंडेज, म्हणजे ओढीचं वजन, कमी केलं की बाकीच्या गोष्टींत सूट घेता येत नाही. आदळल्यावर उघडणारी यांत्रिक पाती बंद. त्यांना उघडायलाच ऊर्जा खर्च होते. दोन धारांचं, टोकापासून कापत जाणारं, दाढी होईल इतकं धारदार ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचं पातं. बाण थोडा जड. त्याचे जुने बाण ४०० स्पाइनचे, म्हणजे ताठ होते (स्पाइन हा दांडी किती वाकते याचा आकडा; तो कमी तितका बाण ताठ). हलक्या धनुष्यावर ते रायझरभोवती पुरेसे वाकेनात आणि डावीकडे जाऊ लागले. ५०० स्पाइनचे घेतले, पुढे जड टोक लावलं, आणि बाण सरळ झाले. लिंब बदलायचे म्हणजे बाणही बदलायचे, हा खर्च लोक धरत नाहीत आणि मग नव्या धनुष्याला नावं ठेवतात.

कायद्याची अट वेगळी बघावी लागते. विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी किमान तीस पौंड आणि पातं किमान ७/८ इंच रुंद. कोलोरॅडोत किमान पस्तीस. ओहायोत चाळीस, तिथे हेच धनुष्य काठावर लटकलं असतं. अलास्कात हरणाला चाळीस, मूसला पन्नास. हे आकडे किमान आहेत. एवढं असलं की शिकारीला योग्य झालो, असा त्यांचा अर्थ लावू नये.

स्टुलावरची परीक्षा

'आरामात ओढता येणारं वजन' असं सगळे म्हणतात, पण आराम मोजायचा कसा हे फारसं कोणी सांगत नाही. ताज्या अंगाने, टी-शर्टात, दोन्ही पाय रोवून एकदा ओढता येणं हे माझ्या लेखी काहीच नाही. शिकारीतला बाण वेगळ्याच अवस्थेत सुटतो: तीन तास हलला नाहीत, बोटं गारठली आहेत, अंगावर जाडजूड जॅकेट आहे, मचाणाच्या सीटवर अर्धवट वळून बसला आहात आणि सुरक्षेचा पट्टा पाठीशी काचतोय.

म्हणून ऑगस्टच्या उकाड्यात त्याला मी हिवाळी जॅकेट आणि हातमोजे घालायला लावले. बायको-मुलं गाडीत बसून हसत होती. बैठं स्टूल, पाय जमिनीपासून उचललेले, निशाणा उजव्या हाताला. धनुष्य निशाण्याकडे रोखलेलंच ठेवून, वर न नेता, सावकाश ओढायचं. दोरी ओठाच्या कोपऱ्याला टेकवून मनात दहा अंक मोजायचे आणि बाण न सोडता, आवाज न करता परत यायचं. थोडं थांबून पुन्हा तेच. आणि मग शेवटचा एकच बाण खरा सोडायचा.

पहिल्यांदा सातव्या-आठव्या अंकाला बाणाचं टोक हलायला लागलं. जॅकेटची बाही दोरीला घासत होती हेही तेव्हाच कळलं; दोरीपासून हात वाचवणारा आर्मगार्ड बाहीवरून बांधायला लागला. हंगाम उघडेपर्यंत दहा अंक स्वस्थ जमू लागले आणि बाण थाळीएवढ्या वर्तुळात, पंधरा यार्डांवर, बसून. वीस यार्डांवर तसं होत नव्हतं. म्हणून मर्यादा पंधराची ठरली. ती त्याची त्यानेच ठरवली, हे मला विशेष आवडलं.

पंचेचाळीसचे लिंब एका सदस्याकडून घेऊन त्यावरही हीच परीक्षा केली. उभ्याने, टी-शर्टात त्याला पंचेचाळीस व्यवस्थित जमलं. स्टुलावर जॅकेट घालून सहाव्या अंकाला धनुष्य आकाशाकडे निघालं. त्या वर्षापुरता निकाल लागला.

हंगाम

ऑक्टोबरमध्ये पंचवीस यार्डांवर एक चांगला नर आला. त्याने धनुष्य उचललं नाही. घरी येऊन मला फोन केला तेव्हा आवाजात चरफड होती, पण तक्रार नव्हती.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, माजाचे दिवस सुरू असताना आणि पहाटेचं तापमान शून्याखाली असताना एक मादी मचाणाजवळ आली. त्याने ओढलं, ती बुंध्याआड थांबली. त्याने बाण न सोडता दोरी हळूच परत नेली. ती दोन पावलं पुढे झाली, तिरकी, पाठ थोडी त्याच्याकडे. त्याने दुसऱ्यांदा ओढलं. बाण फासळ्यांतून आरपार जाऊन पलीकडे मातीत रुतला. अर्धा तास झाडावरच थांबून मग तो खाली उतरला. हरीण ऐंशीएक यार्डांवर पडलेलं होतं. मटण कांदा-लसूण मसाल्यात झालं आणि त्यातला एक डबा आमच्याकडेही आला.

या सगळ्यात एकोणचाळीस पौंडांनी हरीण पडलं हे मला तितकं महत्त्वाचं वाटत नाही. तीसनेही पडली असती, पन्नासनेही. पहिल्यांदा ओढून तो परत येऊ शकला, याला मी गुण देतो. मे महिन्यातल्या धनुष्याने ते झालं नसतं. बाण बुंध्यात गेला असता किंवा त्याहून वाईट.

आता त्याच्या डोक्यात कोलोरॅडोचा एल्क, म्हणजे हरणाचीच एक मोठी जात, आहे. एल्क व्हाइटटेलच्या तीन-चारपट वजनाचा, हाडं जाड, आणि तिथे नऊ-दहा हजार फुटांवर चढून धापा टाकत बाण सोडायचा. कायद्याला पस्तीस चालतात, मला चालत नाहीत. त्या जनावरासाठी पंचेचाळीस-पन्नासच्या खाली जाऊ नये, असं माझं मत आहे. त्याचं म्हणणं, जुने पंचावन्नचे लिंब अजून माळ्यावर पडलेत. ते तो या महिन्यात विकणार आहे. पंचेचाळीसचे लिंब मार्चमध्ये येतील. जूनमध्ये स्टूल, जॅकेट आणि दहा अंक. तेव्हा जमलं तर एल्कचा परवाना, नाहीतर पुन्हा विस्कॉन्सिनची हरणं.